प्रो लीग अर्ध्यावर: भारताचे गोल आटले की वाटले गेले?

खडकीबाजार | २६ फेब्रुवारी २०२५, रात्री १०.४०

काल इंग्लंडला २-१ हरवलं आणि भुवनेश्वरचा मुक्काम संपला. सोळापैकी आठ सामने झाले, म्हणजे हॉकीची ही देशोदेशींच्या संघांची प्रो लीग आपल्यापुरती बरोबर अर्ध्यावर आली. पाच जिंकले, तीन हरले, पंधरा गुण, तक्त्यात तिसरा क्रमांक. उरलेले आठ सामने थेट जूनमध्ये, युरोपात. मधे तीन महिने मोकळे आहेत, तेवढ्यात नीट बोलून घेऊ म्हणून धागा काढतोय.

गेले दहा दिवस जो भेटतो तो एकच म्हणतो, "भारताचे गोल आटले." सोसायटीत तेच, घरच्या ग्रुपवर तेच. कर्णधार हरमनप्रीतचा पेनल्टी कॉर्नर अडवला गेला की मोबाईल बाजूला ठेवून मंडळी सुस्कारा टाकतात. मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

आधी निकाल एकदा डोळ्यांखालून घाला. स्पेनशी १-३ आणि २-०. जर्मनीशी १-४ आणि १-०. आयर्लंडशी ३-१ आणि ४-०. इंग्लंडशी २-३ आणि २-१. आठ सामन्यांत सोळा गोल केले, बारा खाल्ले. सामन्याला दोन गोल. पॅरिस ऑलिंपिकला आपण कांस्य आणलं तेव्हा आठ सामन्यांत किती केले होते? पंधरा. म्हणजे ज्या स्पर्धेनंतर आपण पेढे वाटले, तिथल्यापेक्षा एक गोल जास्तच आहे.

मग आटल्यासारखं वाटतं कशामुळे? माझ्या मते गोल करणारे हात बदललेत म्हणून. पॅरिसच्या पंधरापैकी दहा गोल एकट्या हरमनप्रीतचे होते. उरलेल्या पाचांत अभिषेकचे दोन आणि मनदीप, सुखजीत, विवेक सागर यांचा एकेक. आता भुवनेश्वर बघा. सुखजीतचे तीन, मनदीपचे तीन, गुरजंतचे दोन, अभिषेकचे दोन, दिलप्रीतचा एक. झाले अकरा, आणि हे पाचही जण आघाडीचे. जरमनप्रीत, नीलम आणि शमशेर यांचा एकेक. पहिल्या सात सामन्यांच्या गोलयादीत हरमनप्रीतचं नावच नाही. ते आलं काल, आठव्या सामन्यात, आणि त्याच्या दोन गोलांवरच आपण इंग्लंडला हरवलं.

म्हणजे कर्णधाराच्या दोन गोलांशिवाय चौदा गोल झाले. मी चाळीस वर्षं हॉकी बघतोय. भारतीय संघाबद्दल हे वाक्य लिहायला मिळावं याची मी फार वाट बघितली आहे.

यामागे माझा एक जुना अनुभव आहे. खडकीत आम्ही मुरमाच्या मैदानावर खेळायचो. चुन्यानं गोलसमोरची अर्धगोल 'डी' आखायची, स्टिकला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची आणि संध्याकाळी घरी जाताना गुडघ्यातला मुरूम नखानं काढायचा. आमच्या संघात एक मुलगा होता, शॉर्ट कॉर्नर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरच, मारण्यात वाघ. तेव्हा ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकनं ओढत नेऊन गोलकडे भिरकावणं, कुणाला ठाऊक नव्हतं. ट्रॅपरनं बॉल थांबवला की हा सणसणीत हिट मारायचा आणि गोलच्या फळीवर बॉल आदळल्याचा 'धाड' आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. दोन वर्षं आम्ही त्याच्या जिवावर जिंकलो. आम्ही बाकीचे फॉरवर्ड डीमध्ये शिरलो की एकच शोधायचो, समोरच्याचा पाय. पायाला बॉल लागला की शॉर्ट कॉर्नर, आणि मग तो बघून घेईल. तिसऱ्या वर्षी ऐन स्पर्धेच्या आधी त्याला कावीळ झाली. पहिल्याच फेरीत आम्ही बाहेर पडलो, शून्य गोल करून. गोलसमोर मोकळा बॉल मिळाला तेव्हा मी काय केलं माहीत आहे? गोल मारायचा सोडून बचावपटूच्या पायाकडे बघत राहिलो. ती सवय अशी अंगात मुरते.

म्हणून सुखजीत, मनदीप डीमध्ये पाय न शोधता गोलकडे वळतायत हे बघून मला जे वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा. त्याला मैदानात बघितलेल्या पिढीला फॉरवर्डनं फॉरवर्डसारखं खेळणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मधे बरीच वर्षं आपण कॉर्नरवर जगलो. वाईट नाही ते, दोन ऑलिंपिक कांस्यं त्यातूनच आली. पण एका माणसाच्या मनगटावर सगळा डोलारा उभा करायचा आणि त्याला एक दिवस सूर लागला नाही की संपलं, हे किती दिवस चालवायचं?

कॉर्नर सुधारायला हवा, यात वाद नाही. पण 'गोल आटले' म्हणू नका, ते वाटले गेलेत. तुमचं मत लिहा.

आकडेमोड | २६ फेब्रुवारी, रात्री ११.२५

काका, मनापासून लिहिलंय, पण एक गोष्ट तुम्ही पटकन ओलांडून गेलात. सोळापैकी सात गोल आयर्लंडविरुद्धचे आहेत, दोन सामन्यांत. ते बाजूला काढा. स्पेन, जर्मनी, इंग्लंड यांच्याविरुद्ध सहा सामन्यांत नऊ गोल, म्हणजे सामन्याला दीड. आणि खाल्ले अकरा. दीड गोलांवर वरच्या संघांशी किती दिवस निभावणार? लोक आटले म्हणतात ते याच सहा सामन्यांकडे बघून, आणि ते चुकीचं नाही.

पॅडवाला | २६ फेब्रुवारी, रात्री ११.५०

मी दहा वर्षं गोलकीपिंग केलंय, विद्यापीठापर्यंत. त्या बाजूनं थोडं लिहितो.

कॉर्नर लागला की गोलरेषेमागे आपण पाचच जण. मी आणि चार. मुखवटे चढवायला, गुडघ्याचे पॅड नीट करायला काही सेकंद मिळतात. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. पुशरनं बॉल सोडला की पहिला रशर थेट फ्लिकरच्या अंगावर धावतो, आणि त्याचं काम बॉल अडवण्याइतकंच मला एक बाजू मोकळी करून देण्याचं असतं. तो जी बाजू झाकतो ती मी सोडतो, दुसरी माझी. चांगला ड्रॅग फ्लिक ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे येतो. बघून मग हलायला वेळच नाही, आधी ठरवावं लागतं.

आता हरमनप्रीतचे फ्लिक जगातल्या प्रत्येक गोलकीपरनं शंभर शंभर वेळा पाहिलेत. त्याचा खांदा किती वळतो, बॉल कुठपर्यंत ओढतो, सगळं. पॅरिसनंतर तर जास्तच. त्यामुळे सात सामने तो कोरडा राहिला याचं मला नवल वाटलं नाही. त्यानं आठव्यात दोन मारले याचं कौतुक वाटलं.

आणि फॉरवर्ड गोल करायला लागले की कॉर्नर सोपा होतो, हे लक्षात घ्या. गोलकीपर म्हणून सांगतो, डीमध्ये शिरलेला माणूस मारणार आहे अशी भीती असेल तर बचावपटू घाईनं स्टिक घालतो. घाईत पाय लागतो आणि कॉर्नर मिळतो. तो फक्त पाय शोधतोय हे कळलं की आम्ही शांतपणे पाय मागे घेऊन उभे राहतो. खडकीबाजार काकांनी जे स्वतःबद्दल लिहिलंय ते समोरून मला रोज दिसायचं.

जाता जाता, श्रीजेश निवृत्त झाल्यानंतर गोलमध्ये कृशन पाठक आणि आपला मुंबईचा सूरज करकेरा आहेत. त्यांच्याबद्दल कुणी दोन शब्द लिहीत नाही. आठपैकी तीन सामन्यांत आपण एकही गोल खाल्लेला नाही.

खडकीबाजार | २७ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

आकडेमोड, बरोबर बोट ठेवलंत. आयर्लंडचे सात काढून रात्री पुन्हा मोजलं. उरलेल्या नऊपैकी दोन हरमनप्रीतचे, आणि सातच्या सात फॉरवर्डचे: सुखजीत दोन, गुरजंत दोन, मनदीप, दिलप्रीत, अभिषेक एकेक. म्हणजे मोठ्या संघांसमोर तर फॉरवर्डनीच तारलंय. जर्मनीविरुद्धचे दोन्ही गोल गुरजंतचे, आणि दुसऱ्या सामन्यात त्या एकाच गोलावर आपण जिंकलो. दीड गोल कमी आहे, मान्य. पण तो कुणाकडून आला हे बघितलं तर माझा मुद्दा उलट पक्काच होतो.

रानमोगरा | २७ फेब्रुवारी, दुपारी १.०५

मी फलटणची. हॉकी बघायला लागले ती आमच्या भागातल्या मुलींमुळे. आसूची वैष्णवी फाळके भारताकडून खेळते हे कळल्यावर आमच्या शाळेतल्या मुलींनी बांबूच्या काठ्या घेऊन खेळायला सुरुवात केली होती. नंतर कुणीतरी सहा जुन्या स्टिक आणून दिल्या. अजून त्याच सहा फिरवून वापरतात.

एक बाळबोध प्रश्न विचारते. मैदानी गोल आणि कॉर्नरचा गोल, फलकावर दोन्ही एकच ना? मग फॉरवर्डनं केला काय आणि हरमनप्रीतनं केला काय, इतका फरक तुम्हाला का वाटतो?

आकडेमोड | २७ फेब्रुवारी, दुपारी २.३०

रानमोगरा ताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. फलकावर दोन्ही एकच. २०१६ आणि २०१७च्या हॉकी इंडिया लीगमध्ये मात्र मैदानी गोल दोन गोलांइतका धरायचे, फॉरवर्डनी धाडस करावं म्हणूनच. सात वर्षांच्या खंडानंतर यंदा लीग परत आली, तेव्हा तो नियम नव्हता. आणि यंदा सर्वांत जास्त गोल केले ते जुगराजनं, बारा, म्हणजे पुन्हा ड्रॅग फ्लिकरच. अंतिम सामन्यात त्याची हॅट्ट्रिक होती, बंगाल टायगर्सनी हैदराबादला ४-३ हरवलं.

फरक कशात पडतो ते पॅडवाल्यांनी सांगितलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही लागतात. काका एका बाजूला जास्त झुकतायत.

निळी_टर्फ | २७ फेब्रुवारी, रात्री ९.१०

नोकरीनिमित्त चार वर्षं भुवनेश्वरला आहे, मूळची नाशिकची. आठपैकी पाच सामने कलिंगा स्टेडियमवर बसून बघितले, परवाचाही.

टीव्हीवर न दिसणारं सांगते. सामन्याआधी टर्फवर पाण्याचे फवारे सुरू होतात आणि दिव्यांच्या प्रकाशात सगळं निळं मैदान चकाकायला लागतं. मध्यंतरात पुन्हा पाणी. त्यानंतरची पहिली पाच मिनिटं बॉल जिथून जाईल तिथे मागे पाण्याची बारीक रेघ उडते. कॉर्नरच्या वेळी तर फ्लिकर बॉल ओढतो तेव्हा पाण्याचा पंखाच उघडल्यासारखा दिसतो. इंग्लंडविरुद्धचा हरमनप्रीतचा दुसरा गोल असाच मध्यंतरानंतर लगेचचा. माझ्या शेजारी एक आजोबा होते, सुंदरगडहून आलेले. कॉर्नर लागला की ते डोळे मिटून घ्यायचे आणि फळीचा आवाज आला की उघडायचे. आधीच्या दिवशी त्यांना तो आवाज मिळाला नव्हता. परवा दोनदा मिळाला. दुसऱ्या वेळी त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

गोल आटले असं स्टँडमध्ये कुणी म्हणत नव्हतं. सगळ्यांना खटकत होतं ते वेगळंच. हल्ला थांबला की आपण मागे येताना फार वेळ लावतो. स्पेन आणि जर्मनी, दोघांकडून पहिला सामना हरलो तो त्यामुळेच. दुसऱ्या दिवशी तेच खेळाडू वेळेत मागे येत होते आणि दोन्ही सामने जिंकलो, एकही गोल न खाता.

पॅडवाला | २७ फेब्रुवारी, रात्री ९.४०

निळी_टर्फ ताई, +१. प्रशिक्षक फुल्टन साहेब पहिल्या दिवसापासून बचावावर जोर देतात, तो याचसाठी.

खडकीबाजार | २७ फेब्रुवारी, रात्री १०.००

ताई, त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा, पुन्हा भेटले तर. तो आवाज ऐकायला माणूस सुंदरगडहून येतो, यात सगळं आलं.

मागे येण्याचा मुद्दा मी लिहिलाच नव्हता. खरंतर गोल मोजण्याच्या नादात तिकडे लक्षच गेलं नाही. जूनमध्ये बघू. धागा वर काढीन.

डेल्फ्टहून | ८ जून २०२५, पहाटे १.२०

धागा मीच वर काढतेय. काल ॲम्स्टेलवीनला गेले होते, नेदरलँड्सविरुद्धच्या सामन्याला. मुलगा बरोबर होता, अकरा वर्षांचा, इथल्या क्लबात खेळतो. वॅगनर स्टेडियम जंगलात आहे, झाडांमधून चालत जावं लागतं आणि आत शिरण्याआधीच स्टिकचे आवाज ऐकू येतात. सगळीकडे नारिंगी शर्ट, मधे आम्ही पंधरा-वीस निळे.

हरमनप्रीतनं एकोणिसाव्या मिनिटाला गोल केला. मुलगा माझ्या गळ्यात पडला. त्यांच्या फान दामनं थोड्याच वेळात बरोबरी केली आणि मग जवळजवळ अर्धा तास १-१. आम्ही शूटआउटचा विचार करायला लागलो होतो. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला पुन्हा फान दाम. माझ्यासमोरच्याच बाजूला झाला तो गोल. आपले खेळाडू गुडघ्यांवर हात ठेवून उभे होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. घड्याळात दोन मिनिटं.

परतीच्या गाडीत मुलानं विचारलं, "आई, आपण वाईट खेळलो का?" मी म्हटलं, नाही रे. मग तो म्हणाला, "मग?" मला उत्तर देता आलं नाही.

निळी_टर्फ | १० जून, सकाळी ८.००

काल नेदरलँड्सशी पुन्हा हरलो, २-३. कार्यालयात निघालेय, डोकं जागेवर नाही.

रानमोगरा | १३ जून, सकाळी ६.५०

अर्जेंटिनाशी परवा ३-४, काल १-२. तीन गोल करूनही हरतो आपण? फेब्रुवारीत एका गोलावर जर्मनीला हरवलं होतं ना? मला आता काही कळेनासं झालंय. कुणीतरी समजावून सांगा.

आकडेमोड | १५ जून, रात्री ११.४५

ताई, आज ऑस्ट्रेलियाशीही संपलं, कालसारखंच २-३. समजावून सांगण्याइतकं मलाही कळलेलं नाही, पण मोजलंय ते ठेवतो.

सहा सामने, सहा पराभव, आणि सहाही एकेका गोलानं. १-२, २-३, ३-४, १-२, २-३, २-३. आपण केले अकरा, खाल्ले सतरा.

आता फेब्रुवारीतले ते सहा सामने आठवा, आयर्लंड वगळून. तेव्हा केले होते नऊ आणि त्यांतले तीन जिंकलो होतो. म्हणजे आज तितक्याच सामन्यांत दोन गोल जास्त आहेत आणि विजय एकही नाही. तेव्हा मी काकांना म्हटलं होतं की दीड गोलावर भागणार नाही. आता पावणेदोनच्या वर आहोत. माझं तेव्हाचं बोट चुकीच्या जागी होतं, हे कबूल करायला हवं.

खडकीबाजार | १६ जून, सकाळी ६.३०

रात्रभर झोप लागली नाही. पाच वाजता उठून वहीत सगळे निकाल पुन्हा लिहिले, एका खाली एक.

आकडेमोड, तुमच्यापेक्षा माझं जास्त चुकलं. मी फेब्रुवारीत गोल कुणी केले हे मोजलं आणि तिथेच खूष झालो. ते गोल राखले कुणी, हे मोजलंच नाही. निळी_टर्फ ताईंनी तेव्हाच स्टँडमधून बघून सांगितलं होतं. तेव्हाचे पाच विजय पुन्हा बघा: २-०, १-०, ३-१, ४-०, २-१. पाच सामन्यांत मिळून दोन गोल खाल्ले! हे विजय फॉरवर्डनी मिळवले असं मी छाती फुगवून लिहिलं. ते पाठक, करकेरा आणि मागच्या फळीनं मिळवले होते. सुखजीतचा, गुरजंतचा गोल मोठा वाटला, कारण मागे कुणीतरी दार धरून उभं होतं. आता सहापैकी एकाही सामन्यात आपण कोरी पाटी राखलेली नाही. तुम्ही समोर कितीही गोल करा, प्रत्येक वेळी समोरचा एक जास्त करतोय.

पण फॉरवर्डबद्दल लिहिलेलं मी मागे घेत नाही. नेदरलँड्सच्या घरच्या मैदानावर, अर्जेंटिनासमोर, ऑस्ट्रेलियासमोर गोल करतोच आहोत. सहाही सामने एका गोलावर अडले म्हणजे संघ मोडलेला नाही. जो संघ मोडतो तो ०-५ हरतो. आमचा मोडला होता तेव्हा कसा हरला ते मी वर लिहिलंय.

डेल्फ्टच्या ताई, तुमच्या मुलाला सांगा, आपण वाईट खेळलो नाही, आपण दोन मिनिटं कमी खेळलो.

पॅडवाला | १६ जून, सकाळी ९.२०

त्या दोन मिनिटांबद्दल लिहितो. सामना संपत आला आणि बरोबरी असली की गोलकीपरला सगळ्यात जास्त ओरडावं लागतं. कारण समोरची माणसं दमलेली असतात आणि दमलेला माणूस बॉलकडे बघतो, माणसाकडे नाही. तुमच्या डाव्या खांद्यामागून कुणी येतंय हे तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. मी नाव घेऊन ओरडायचं, "मागे, डावीकडे, तुझा!" श्रीजेशचा आवाज टीव्हीवर सुद्धा ऐकू यायचा, आठवतंय ना? अठरा वर्षं तो आवाज भारतीय डीमध्ये होता. बचावफळीतल्या पोरांची सगळी कारकीर्द तो ऐकण्यात गेली. आता पाठक आणि करकेरा आलटून पालटून उभे राहतात. दोघंही उत्तम अडवतात. पण आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो, दोन्हीकडून. यात कुणाचा दोष नाही.

रानमोगरा | १६ जून, दुपारी १२.४०

हे आमच्या मुलींना वाचून दाखवणार आहे. आमची गोलकीपर फार लाजाळू आहे, तोंडातून शब्द काढत नाही.

निळी_टर्फ | २१ जून, रात्री उशिरा

बेल्जियम ६, भारत ३. सलग सातवा. आज एका गोलाचाही आधार नाही. लिहवत नाही.

डेल्फ्टहून | २२ जून, रात्री

जिंकलो! ४-३! अँटवर्पला गेलो होतो, दोघंही, कालची हार विसरून. सुखजीतनं दोन मारले, मग अमित रोहिदास, आणि तरीही बेल्जियमनं ३-३ केलं. माझ्या पोटात गोळा आला, आता पुन्हा तेच होणार म्हणून. एकोणसाठाव्या मिनिटाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला आपल्याला. हरमनप्रीत बॉलपाशी गेला, सगळं स्टेडियम गप्प. मुलानं माझ्या ओढणीत तोंड लपवलं. मग फळीचा आवाज आला.

निळी_टर्फ, तुमच्या सुंदरगडच्या आजोबांची तेव्हा आठवण झाली.

आकडेमोड | २२ जून, रात्री ११.१०

युरोपचा हिशोब पूर्ण: आठ सामने, अठरा गोल केले, सव्वीस खाल्ले, एक विजय. भुवनेश्वरला सोळा केले होते, बारा खाल्ले होते. तेव्हा पंधरा गुण मिळाले, आता तीन. गोल दोन वाढले आणि गुण बारा घटले. 'गोल आटले' म्हणणाऱ्या कुणालाही हे एवढं दाखवा. काका, धाग्याच्या नावातल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बाजूनंच लागलं, फक्त त्याचा आनंद होत नाही.

खडकीबाजार | २३ जून, सकाळी ६.४५

आनंद कालच्या चार गोलांचा आहे, तो मी सोडणार नाही.

पण रात्री दुसरी बातमी आली. ललित उपाध्याय निवृत्त झाला. कालचा सामना झाल्यावर त्यानं जाहीर केलं. बनारसचा पोरगा, टोकियो आणि पॅरिस, दोन्ही कांस्यांत होता. एकशे त्र्याऐंशी सामने, सदुसष्ट गोल. मी फॉरवर्डबद्दल इतकं पान भरून लिहिलं आणि त्याचं नाव एकदाही घेतलं नाही, याची मला खंत वाटतेय. ज्या काळात आपण कॉर्नरवर जगत होतो, त्या काळात डीच्या कडेवर बॉल अंगाशी धरून, दोघा-तिघांना ओढून घेऊन दुसऱ्याला वाट करून देणारा हा माणूस होता. सदुसष्टमध्ये ते मोजले जात नाहीत.

आता ऑगस्टच्या शेवटी राजगीरला आशिया कप. तो जिंकला तरच पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचं तिकीट थेट हातात. मी वही नवी घेतलीय. यावेळी दोन रकाने केलेत, एक केलेल्या गोलांचा, आणि दुसरा कितव्या मिनिटाला खाल्ला त्याचा.

रानमोगरा | २३ जून, सकाळी ८.१५

ललितच्या कडेवरच्या ड्रिबलिंगचे व्हिडिओ कुणाकडे असतील तर इथे टाका. शाळा सुरू झालीय, मुलींना शनिवारी दाखवीन.

डेल्फ्टहून | २३ जून, दुपारी

माझ्याकडे आहेत, संध्याकाळी टाकते. आणि खडकीबाजार काका, २०२६च्या ऑगस्टमधला विश्वचषक ॲम्स्टेलवीनच्या त्याच मैदानावर आणि बेल्जियममधल्या वाव्हरला आहे. आमच्याकडे वरची खोली रिकामी असते. राजगीरला जिंकलो की कळवा, किती जण येताय ते. मुलगा आतापासून विचारतोय.